निळे कोट

"एवढंच सांग, पोरी. त्या शिपायांना तुझ्या बापानं काय उत्तर दिलं?"

हार्लन टीगनं चर्चच्या दफनभूमीचं फाटक आतून धरून ठेवलं होतं.

"मी विहिरीवर होते, टीगकाका," केझाया म्हणाली. "गोळीचा आवाज तेवढा ऐकला."

"मग सायरसला विचार. तो चक्कीतच होता ना? उत्तरेच्या संघराज्याची तळी उचलून मेलेल्या माणसाला मी आत घेणार नाही. त्यांच्याशी लढून मेलेला माझा धाकटा पोरगा इथं झोपलाय."

मिसूरीच्या त्या खोऱ्यात चर्चचे दोन तुकडे उत्तर-दक्षिण लढाईच्या आधीच झाले होते, गुलाम बाळगणं देवाला चालतं की नाही यावरून. दफनभूमी दक्षिणवाल्यांकडे, म्हणजे टीगकडे गेली. केझायाची आई तिथंच होती. तिच्या शेजारची जागा केझायाच्या बापानं, इनॉस प्रुएटनं, स्वतःसाठी राखली होती.

केझाया पाणचक्कीवर परतली. बाबांनी तीस वर्षं या चक्कीवर सगळ्यांचा मका दळला, दोन्ही बाजूंचा. गुलाम विकत घेणं त्यांना पाप वाटे. म्हणून दर एक जानेवारीला ते शेजारच्या जमीनदारीणबाईंकडून त्यांच्या गुलामाला, सायरसला, वर्षाच्या बोलीनं भाड्यानं आणत. "मग फरक काय, बाबा?" तिनं लहानपणी विचारलं होतं. "आपण मालक नाही, हा," ते म्हणाले होते, आणि तिचं समाधान झालं होतं. बाई गेल्या वर्षी टेक्सासला पळाल्या. तेव्हापासून सायरस कोणाचा, हे कोणी बोलत नव्हतं.

सायरस शवपेटीचं झाकण ठोकत होता.

"त्यांनी काय विचारलं, सायरस?"

"'हा काळा कोणाचा?' म्हणून."

"आणि बाबा?"

"'कोणाचाच नाही. स्वतःचा आहे.'"

केझाया दोन पावलं जवळ आली. "असं म्हणाले?"

"म्हणाले. कोट निळे होते ना त्यांचे, संघराज्याच्या शिपायांचे."

तिला समजेना.

"चोरलेले होते, बाई. आतून दक्षिणेचे बंडवालेच. मागच्या आठवड्यात बंडवाले आपल्या साध्या कपड्यांत आले होते, तेव्हाही हेच विचारलं. तेव्हा तुमचे वडील म्हणाले, 'माझा आहे.' मक्याची भाकरी खाऊन गेले ते. काल उत्तर ऐकलं आणि गोळीच घातली. मी मागच्या दारानं तळ्यात उडी टाकली."

"तुला वाचवायलाच म्हणाले असतील. दोन्ही वेळा."

"असतील."

"की स्वतःला वाचवायला?"

"तेही असेल."

"काल तरी मनापासून बोलले का रे? तू होतास तिथं."

सायरसनं हातोडी खाली ठेवली. "माझ्याकडे त्यांची पाठ होती, बाई."

खेचर गाडीला जुंपून दोघं निघाले. बाप धैर्यानं मेला असता तर कसं रडायचं, हे तिला कळलं असतं. भीतीनं चुकला असता, तरीही कळलं असतं. वाटभर ती एकदा हे धरी, एकदा ते, आणि हातात काहीच राहत नसे.

फाटकाशी तिनं निळे कोट आणि बाबांचं उत्तर, दोन्ही जसंच्या तसं सांगितलं. टीगनं गाडीतल्या पेटीकडे पाहिलं. मग त्याचा आवाज मऊ झाला.

"हे बघ, मी इनॉसला तीस वर्षं ओळखतो. असलं काही त्याच्या मनातून यायचं नाही. कोट बघून घाबरला बिचारा. कोणीही घाबरेल. तू फक्त 'हो' म्हण. मी फाटक उघडतो. चौघं जण खांदा द्यायला उभे आहेत."

खरंही असेल ते. आत आईच्या शेजारचं गवत कोणीतरी कापून ठेवलं होतं. सायरस गाडीजवळ लगाम धरून खेचराच्या कानाकडे बघत उभा होता.

"मला माहीत नाही, काका."

"माहीत नाही म्हणू नकोस गं. 'हो' म्हण."

केझायानं तोंड उघडलं. शब्द अगदी लहान होता, पण तो उच्चारला की सायरस स्वतःचा आहे हे कोणीच कधी म्हटलेलं नव्हतं, असं होणार होतं.

"ते म्हणाले ते मी सांगितलं," ती म्हणाली. "मनातलं मला माहीत नाही."

टीगनं मान हलवली आणि कडी लावली. "तुझ्या आईला काय सांगू आता मी?" तो स्वतःशीच पुटपुटला.

गाडी परत चक्कीकडे वळली.

"एकच शब्द होता, बाई," सायरस म्हणाला.

"होता."

"मी असतो तर म्हणून टाकला असता." मग थोड्या वेळानं, "बहुतेक."

चक्कीमागच्या चढावर अक्रोडाखाली त्यानं खड्डा खणला. वर गाडी जाईना. बायकांनी शवपेटीला खांदा द्यायची पद्धत नव्हती, पण दुसरं कोणी नव्हतं. पुढून केझायानं धरली, मागून सायरसनं. बाबा हडकुळे होते, तरी ओझं हातांना रग लावत होतं. पाचसहा पावलांत पेटी डावीउजवीकडे हेलकावू लागली. दोघांची पावलं जुळत नव्हती.

"थांबा, बाई."

त्यांनी पेटी गवतावर टेकवली. केझायानं हात झाडले, पुन्हा वाकली.

"आधी कोणता पाय?" तिनं विचारलं.

सायरसनं जरा विचार केला.

"डावा," तो म्हणाला, आणि दोघांनी पेटी उचलली.