दामिनीचं ग्राफिक्स कार्ड

बार्शी रोडवरच्या मंजुषाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानासमोर ऑटो थांबला आणि सिद्धलिंग अप्पा कॉम्प्युटरचं कॅबिनेट छातीशी कवटाळून उतरले. डाळमिलमध्ये आयुष्यभर पोती हलवलेला माणूस, पण याला धक्का लागू नये म्हणून पाय जपून टाकत होते.

"ताई, हे चालूच होईना गेलंय. पंखे फिरायलेत, पण स्क्रीन काळीच."

"कधीपासून, काका?"

"दोन वर्षं झाली. आपोआपच बंद पडलं."

हे मात्र खोटं होतं. दामिनी त्यांची एकुलती एक पोर. दहावीच्या सुट्टीत एकेक भाग मागवून तिनं हा गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडला होता. बारावीत क्लासच्या परीक्षेत तिचे मार्क घसरले तसं अप्पांचं डोकं फिरलं. ती घरी नसताना त्यांनी स्क्रीनवर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड ओढून काढलं आणि मिलच्या गोदामात कपाटावर टाकून दिलं. संध्याकाळी तिला म्हणाले, "दुकानात दाखवलं. कार्ड जळलंय म्हणले." पोरीनं एक प्रश्न विचारला नाही. आता ती नांदेडजवळ विष्णुपुरीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होती आणि शनिवारी सुट्टीला घरी येणार होती. त्याआधी सगळं होतं तसं करावं म्हणून अप्पांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून कार्ड परत बसवलं होतं, पण कॉम्प्युटर काही दाद देईना.

मंजुषानं बटण दाबलं. पंखे घुमले. मग एक लांब आणि दोन आखूड 'बीप' वाजले.

"कार्ड सापडत नाही म्हणतोय," ती म्हणाली. तिनं वीज बंद करून कार्ड बाहेर काढलं, वळवून पाहिलं आणि थबकली. कॅबिनेटमध्ये सगळीकडं करडी धूळ होती, कार्डाच्या पंख्यात मात्र पिवळी भुकटी भरली होती. तिनं बोटावर घेऊन वास घेतला.

"काका, ही तर हरभऱ्याची डाळ हाय."

अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. मंजुषानं ब्रशनं भुकटी झाडली, कार्डाची सोनेरी कड खोडरबरनं हलक्या हातानं घासली आणि कार्ड आधी दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं. स्क्रीन लगेच उजळली.

"कार्ड एकदम चांगलं हाय. कुठंच जळलेलं न्हाई."

मग तिनं स्वतःचं एक जुनं कार्ड अप्पांच्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. पुन्हा तेच तीन बीप. म्हणजे खोट कार्ड बसवायच्या खाचेत होती. तिनं उजेड पाडून पाहिलं, चिमट्यानं काहीतरी उचललं आणि अप्पांच्या तळहातावर ठेवलं. डाळीचं नखाएवढं टरफल.

अप्पा स्टुलावर बसले. "मीच काढलं होतं, ताई," ते म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. "तिला म्हणा, दुरुस्तीला होतं, आता झालं. तुमचं ऐकंल ती."

"मी खोटं बोलणार न्हाई, काका. तुम्हीच सांगा."

बराच वेळ मोबाईल हातात फिरवून अप्पांनी दामिनीला फोन लावला. अडखळत, पण काही न लपवता बोलले. पलीकडं वसतिगृहात कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला.

"अप्पा," दामिनी म्हणाली, "आदल्या दिवशी मी त्या कार्डाचा वेग वाढवून बघत होते. मला वाटलं, तापून माझ्याच हातानं जळलं. म्हणून मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला अर्ज केला न्हाई. आपल्याला जमणारं काम न्हाई हे, म्हणलं."

अप्पांना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"आता चालू होईल बघ, बाई," ते कसंबसं म्हणाले.

"कार्ड काढून ठेवायला सांगा. मी येऊन बसवते." तिनं फोन ठेवला.

मंजुषानं ते ऐकलं होतं. तिनं खाच साफ करून, कॉम्प्युटरमधल्या घड्याळाचा जुना सेल बदलून कार्ड वेगळं बांधून दिलं.

शनिवारी दामिनी नांदेडहून एसटीनं आली. जेवताना आईशी बोलली, अप्पांशी नाही. मग खोलीत जाऊन तिनं कॅबिनेटची बाजू उघडली. अप्पा दारात उभे राहिले.

"तुम्ही हे काढलं कसं?" तिनं मागं न बघता विचारलं.

"धरलं आन् ओढलं."

"खटका न दाबता?"

"खटका असतोय व्हय?"

तिला हसू फुटलं, पण तिनं ते आवरलं. खाचेत कार्ड दाबलं, खटका बसल्याचा आवाज आला. विजेची वायर जोडून तिनं बटण दाबलं. पंखे फिरले आणि स्क्रीनवर निळा उजेड आला. ती तशीच बघत राहिली, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"चुकलं माझं, दामिनी."

"हाव. लई चुकलं."

तिनं पायानं शेजारची खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. अप्पा येऊन बसले. मग दामिनीनं माऊस हातात घेतला आणि कार्ड किती तापतंय ते बघायला सुरुवात केली.