अकरा मिनिटांचा चमत्कार

बरोबर नऊला बाजार उघडला आणि शेअर दलालाच्या त्या लांबट खोलीतले संगणकांचे सगळे पडदे पांढरे पडले. आकडे नाहीत, रेघा नाहीत. पन्नासेक माणसं होती. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी टेबलावर हात आपटला नाही. सगळ्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. खोलीच्या मधोमध वायरींची एक पेटी होती. तिच्यावर तळहात टेकून हातवाले महाराज उभे होते.

"यंत्राला ताप आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नवं आत आलंय, जुनं बाहेर जायला तयार नाही. दोघांचं भांडण चाललंय आणि मी मध्ये हात घातलाय. डोळे उघडाल तर भाजेल. माझा हात नव्हे, तुमची पुंजी."

नऊ वाजून अकरा मिनिटांनी पडदे एकामागून एक उजळले, आकडे पळू लागले. औषधांच्या दुकानाचे मालक पुढे झाले, महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं आणि दाराजवळच्या पेटीत नोटांचं पाकीट टाकलं. त्यांच्यामागे रांग लागली.

मी दाराजवळच्या बाकावर डोळे उघडे ठेवून बसले होते. म्हातारीकडे कोणी बघत नाही, याचा कधीकधी उपयोग होतो.

दोन आठवड्यांपूर्वी तिथल्या सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी यंत्रं अडकायची. चौथ्या दिवशी हे महाराज उगवले. आधी ते कुठेतरी वायरी ओढायचं काम करायचे म्हणे. पाचव्या दिवशी ते सद्गुरू झाले.

मी तिथे जायचे ती माझ्या धाकट्या भावासाठी. त्याने तेहतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीची सगळी रक्कम त्याने चार कंपन्यांच्या शेअरमध्ये घातली होती. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना, आणि आमचं म्हातारपण त्या चार कंपन्यांच्या हवाली. तरी तो सावध होता. भाव एका ठरलेल्या आकड्याखाली गेला की शेअर आपोआप विकले जावेत, असा हुकूम त्याने यंत्राला देऊन ठेवला होता. त्याला स्टॉपलॉस म्हणतात. अपडेटनंतर तो हुकूमच गायब झाला. भावाने घाबरून महाराजांना विचारलं.

"कुंपण मीच काढलं," महाराज म्हणाले. "ज्याच्यावर माझा हात, त्याला कुंपण कशाला?"

घरी मी भावाला म्हटलं, "उद्या परत घाल ते."

"त्यांचा अपमान होईल, ताई."

"आणि बाजार कोसळला तर?"

"हात आहे ना. तू रोज बघतेस की डोळ्यांनी."

बघत तर होते. पण हे मी पूर्वीही बघितलं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. रोज दहाला सगळी कार्यालयं एकदम उघडायची आणि लाइनी तुंबायच्या. आमचे सुपरवायझर लाकडी पट्टीने बोर्डावर तीनदा टकटक करायचे. पाच-दहा मिनिटांत लाइनी मोकळ्या व्हायच्या. नव्या मुली त्या पट्टीला हात लावायलाही घाबरत. मग सुपरवायझरांना कांजिण्या झाल्या. ते पंधरा दिवस घरी, पट्टी खणात, आणि लाइनी आपल्या वेळेवर मोकळ्या. त्या दिवसांत आम्ही फार हसलो. आता त्यातल्या दोघीच उरल्या आहेत.

खोलीत मोडक्या खुर्चीपुढे एक यंत्र होतं, भिंतीकडे तोंड केलेलं. "ते बाटलंय, त्याच्यावर माझा हात नाही," असं महाराजांनी जाहीर केलं होतं. दलालाच्या या शाखेच्या साहेबांना मी म्हटलं, "रोज सकाळी मला एवढं चालू करून द्याल?"

"शेअर घेताय की काय, मावशी?"

"नाही, घड्याळ लावतेय."

तीन दिवस मी मनगटावर घड्याळ घेऊन त्या बाटलेल्या यंत्रापुढे बसले. पहिल्या दिवशी ते नऊ अकराला सुरू झालं, दुसऱ्या दिवशी नऊ दहाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ अकराला. तिन्ही दिवस हातवाल्या यंत्रांबरोबर, त्याच मिनिटाला.

"अपडेटबरोबर काही लिहून आलं असेल ना?" मी साहेबांना विचारलं.

"आलं होतं. खाली 'मान्य' असं बटण होतं, ते सगळ्यांनी दाबलं."

"वाचलं कोणी?"

"सोळा ओळी होत्या, मावशी," साहेब म्हणाले. त्यांनी तेवढ्या छापून दिल्या.

संध्याकाळी मी ते पान भावापुढे धरलं. त्याने तोंड फिरवलं. "श्रद्धेची उलटतपासणी करत नाहीत, ताई. तू तारांची बाई, तुला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोठी बँक बुडाल्याची बातमी आली. खोली खच्चून भरली होती. नऊला पडदे पांढरे पडले. बाहेर बाजार कोसळत होता आणि आत पन्नास माणसं डोळे मिटून बसली होती.

मी शेजारी डोळे मिटून बसलेल्या भावाच्या मांडीवर पान ठेवलं, हातात पेन्सिल दिली. "यातल्या चुका काढ," मी पुटपुटले.

तेहतीस वर्षांची सवय. त्याचे डोळे आपोआप उघडले. पेन्सिल ओळीखालून सरकू लागली. जुन्या नोंदी नव्या साच्यात भरल्या जात असल्यामुळे तीन आठवडे रोज सुरुवातीला दहा-बारा मिनिटं पडदा थांबेल. गर्दीच्या दिवशी जास्त वेळ लागेल. जुने स्टॉपलॉस नव्या सॉफ्टवेअरमध्ये येणार नाहीत, ते पुन्हा घालावेत. तिथे पेन्सिल थांबली. भावाने मान वर केली.

"ताई, पडदा बंद आहे. आता कसं घालू?"

"शेवटची ओळ वाच. हुकूम फोनवरही घेतात."

भिंतीवरचा फोन मी उचलला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. बोटं जुनी होती, पण विसरली नव्हती.

"कोण बोलतंय?" महाराज ओरडले. "भाजतंय इथे."

"भाजू दे," मी म्हटलं आणि सातव्यांदा फोन लावला. लागला. भावाने चारही हुकूम दिले. मग मी ते पान मोठ्याने वाचलं, सोळाच्या सोळा ओळी. काहींनी डोळे उघडले आणि फोनकडे धावले. औषधवाल्यांनी कानांवर हात ठेवले.

अकरा मिनिटं झाली, पंधरा झाली. महाराजांच्या मानेवरून घाम ओघळत होता. नऊ सव्वीसला पडदे उजळले आणि खोली लाल आकड्यांनी भरून गेली. "बघा, उघडलं," महाराज म्हणाले. कोणी पाया पडलं नाही. भावाचे शेअर ठरल्या आकड्याच्या आसपास विकले गेले होते. आमचं म्हातारपण थोडं खरचटलं, पण उभं राहिलं. औषधवाले पडद्यापुढे नुसते बसून होते. त्यांना पाणी द्यायचं कोणाला सुचलं नाही, मी दिलं.

महाराज आणि पाकिटांची पेटी, दोन्ही तेवढ्यात नाहीशी झाली. वायरींच्या पेटीवर त्यांचा पंचा राहिला. साहेबांनी तो झटकला, तर आतून चार घड्यांचा कागद पडला. तेच पान. 'दहा-बारा मिनिटं' आणि 'तीन आठवडे' यांखाली लाल रेघा. अख्ख्या शाखेत त्या सोळा ओळी आधी एकट्या महाराजांनी वाचल्या होत्या, तेवढीच त्यांची सिद्धी.

ते पकडले गेले नाहीत. कुठेतरी दुसऱ्या खोलीत दुसरं अपडेट येईल, पडदे पांढरे पडतील आणि कोणीतरी हात टेकवून उभा राहील. तेव्हा डोळे मिटू नका. घड्याळ बघा. एक यंत्र हाताविना ठेवा आणि काय होतं ते पाहा. 'मान्य' म्हणण्याआधी वाचा, आणि कळलं नाही तर विचारा. त्यात कमीपणा नाही.

मी वाचून दाखवलेलं पान भावाने जपून ठेवलं आहे. पेन्सिलीची रेघ मध्येच थांबते, पण दुरुस्ती एकही नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "यात सुधारण्यासारखं काही नव्हतं, ताई. फक्त वाचायचं होतं."