वाणातली डबी

माझा नवरा अजेय प्रवासाला निघाला की घरात सुरक्षेवर प्रवचन होई. विमानतळावरचं वायफाय वापरायचं नाही, फोनमध्ये पासवर्ड ठेवायचे नाहीत. मी कुठेच जात नसे, तरी ऐकून घेई. आईचा नाशिकचा फ्लॅट विकून मला जे मिळालं, ते सगळं त्याने क्रिप्टोत घातलं होतं. माझ्याच पैशांबद्दल विचारलं की म्हणे, जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं. त्या लोकांत मीही आले.

जानेवारीत तो कंपनीच्या कामासाठी हनोईला गेला आणि तिथे त्याची बॅग चोरीला गेली. ज्याच्याशिवाय त्या पैशांना हात लावता येत नाही, ते पेनड्राइव्हएवढं यंत्र तिच्यातच होतं. फोनवर मात्र स्वारी निवांत होती. यंत्र गेलं तरी ठरावीक बारा इंग्रजी शब्द असले की सगळं परत मिळतं, आणि ते त्याने घरीच कोरून ठेवले होते. कागद भिजतो, जळतो, म्हणून स्टीलवर. कपाटात नव्या डब्यांची थप्पी होती, तिच्यातल्या एकीच्या बुडाला.

त्या डब्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या होत्या. याची आई दरवर्षी वाण लुटायची. याने जन्मभर तिळगूळ चापला, पण कपाटातली ती भांडी कुठे जातात हे कधी विचारलं नाही. आदल्याच रविवारी मी सगळ्या वाटून टाकल्या होत्या.

"मला सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"तुम्ही बायका जमलात की काय बोलाल याचा नेम नसतो," तो म्हणाला. "आता जा आणि मागून आण."

दिलेलं वाण परत मागायचं! संताप संताप झाला. पण पैसे आईचे होते, म्हणून निघाले. एक डबी खराब निघाली आहे, बदलून देते, असं सांगत कोलकाताभर, सॉल्ट लेकपासून बेहालापर्यंत फिरले. बँकेतल्या शर्वरीने डबी उलटी करून दाखवली आणि वर चहा पाजला. नूपुरच्या सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. बुडं सगळी कोरी.

शेवटचं घर फोर्ट विल्यममधलं, मंगलाताईंचं. यजमान कर्नल, बदलीची ऑर्डर आलेली, खोलीभर खोकी. त्यांनी माझी डबी एका खोक्यातून काढली.

"बरं झालं आलीस, ऋता. त्या दुकानदाराला चांगलं सुनाव," त्या म्हणाल्या. "बुडाला कुणीतरी बारीक बारीक गिरमिटून ठेवलं होतं. एस्प्लनेडच्या भांडीवाल्याकडून घासून साफ करून घेतलं बघ."

मी बूड पाहिलं. आरशासारखं लख्ख होतं. मधोमध ठळक अक्षरांत नाव घातलेलं होतं. प्रत्येक बदलीच्या गावचं वाण त्या असंच जपून ठेवत, देणारीचं नाव आणि गाव घालून. एवढंच बरोबर येतं, म्हणाल्या. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, त्या चालल्या म्हणून. त्यांनी मला जवळ घेतलं.

जिना उतरत होते तेवढ्यात अजेयचा फोन आला.

"मिळाली?"

"मिळाली."

"वाच पटकन. हळू आवाजात, कुणाच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

"ऋता, कोलकाता," मी वाचलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही."