थांबलेला बाप्तिस्मा

धाकट्या भावाच्या पत्राला आपण उत्तर दिले नाही, हे मास्तरांना नेमके नको त्या वेळी आठवायचे. रविवारी ते ऑर्गनवर बसलेले असत, खाली प्रभुभोजनाची भाकर एकेकाच्या हातात पडत असे, आणि तेव्हाच पत्रातल्या ओळी डोळ्यांपुढे उभ्या राहत.

पत्र साधेच होते. ‘दादा, सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. एकट्यात सांगायला हवं होतं, क्षमा कर. आम्हाला मुलगी झाली आहे. तिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तूच उभं राहावंस, असं आम्हा दोघांना वाटतं. तुझं उत्तर येईपर्यंत बाप्तिस्मा थांबवतो.’

मास्तरांनी ते वाचून घडी घातली आणि हत्यारांच्या कपाटात सारून दिले. सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं, एवढेच भावाने लिहिले होते. जे बोललो ते खोटे होते, असे कुठेच लिहिले नव्हते. मास्तरांना झोंबले ते हेच.

मास्तरांचे घराणे ऑर्गन बांधणाऱ्यांचे. चर्चमधला उंच, शिशाच्या नळ्यांचा ऑर्गन त्यांच्या वडिलांनी बांधलेला. वडील गेल्यावर दोघे भाऊ त्याची निगा राखू लागले. थोरला वाजवायचा, सूर लावायचा आणि गायनसंघ चालवायचा, धाकटा भाता आणि नळ्या सांभाळायचा. त्या गायनसंघाचा सगळ्या शहराला अभिमान. लोक म्हणायचे, प्रार्थना चुकली तरी चालेल, गाणे चुकवू नका. पाळकसाहेबांना हे फारसे आवडत नसे, पण तेही गाणे सुरू झाले की डोळे मिटून घेत.

दरवर्षी ऑर्गनचा सूर लावायचा, तर आधी एक नळी बरोबर धरायची आणि तिच्यावरून बाकीच्या सगळ्या नळ्या जुळवायच्या. ती पहिली नळी नादकाट्यावर तपासून घ्यायची, हा कामाचा नियम. पण मास्तर तपासत नसत. ती नळी वडिलांनी स्वतःच्या हाताने लावलेली. “बाबांच्या कानापेक्षा तो लोखंडाचा तुकडा मोठा झाला काय?” असे ते म्हणत. आणि त्या नळीच्या तोंडाशी वर्षानुवर्षे धूळ बसत गेली, तिचा सूर केसाकेसाने खाली गेला. मास्तर इमानाने बाकीच्या नळ्या तिच्याशी जुळवत राहिले. सगळ्याच एकदम उतरल्या, म्हणून कोणाला काही खटकले नाही.

खटकले ते धाकट्याला. गायनसंघाच्या सरावात, सगळ्यांच्या देखत, तो बोलून गेला, “दादा, बाबांची नळीच उतरलीय. आपण सगळे तिच्यामागून खाली चाललोय.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बापाची चूक काढतोस? या ऑर्गनला पुन्हा हात लावायचा नाही. आणि माझ्या घराची पायरीही चढायची नाही.”

धाकटा बायकोला घेऊन दुसऱ्या गावी गेला. तिथे त्याने स्वतःचे दुकान थाटले. मग ते पत्र आले.

आता, वाचकहो, मास्तर वाईट माणूस होते असे कृपा करून समजू नका. त्यांना देवाची आज्ञा ठाऊक होती. भावाचे मन आपल्यावरून दुखावले असेल, तर वेदीपाशी येण्याआधी त्याच्याकडे जायचे, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. पत्र आले त्या दिवशीच आत काहीतरी स्पष्टपणे म्हणाले होते, ‘लिही.’ मास्तर म्हणाले, ‘लिहितो, आधी हे नवं गीत बसवून होऊ दे.’ गीत बसले. मग दुसरे काढले. गरिबांच्या मुलांना फुकट शिकवू लागले, उपास करू लागले. देवाला त्यांनी वेळ दिला, घाम दिला, झोपही दिली. त्याने मागितले होते एक पत्र, तेवढे मात्र दिले नाही.

आणि हळूहळू आतून काही ऐकू येईनासे झाले. आधी ‘लिही’ हा शब्द टोचायचा. मग नुसता खुपल्यासारखा वाटायचा. मग तोही थांबला, आणि मास्तरांना वाटले, चला, देवही विसरला असेल. त्यांची प्रार्थना आता सुबक होऊ लागली होती. शब्द बिनचूक यायचे, पण म्हणून झाल्यावर आपण कोणाशी बोललो असे काही वाटायचे नाही.

प्रभुभोजनाला तर त्यांनी छान पळवाट शोधली होती. वाजवणाऱ्याला भाकर सगळ्यांच्या शेवटी मिळते. शेवटचा माणूस जागेवर जाईपर्यंत मास्तर वाजवत राहायचे आणि तसेच समाप्तीचे गीत सुरू करायचे. कोणाच्या लक्षात आले नाही. ज्या ऑर्गनवर ते देवाचा गौरव करत होते, त्याच ऑर्गनमागे ते देवापासून लपून बसले होते.

चर्चचा वर्धापनदिन आला. यंदा एका नावाजलेल्या बँडमधला ट्रम्पेटवाला पाहुणा म्हणून वाजवणार होता. आदल्या दिवशी सकाळी सराव ठरला. पाहुणा गुबगुबीत, हसतमुख गृहस्थ. त्याने ऑर्गनबरोबर पहिली ओळ वाजवली आणि सगळ्यांनी दात आवळले.

“मास्तर, जरा पुन्हा घेऊ,” पाहुणा म्हणाला. त्याने ट्रम्पेटची नळी थोडी बाहेर ओढली. पुन्हा तेच. आणखी ओढली. पुन्हा तेच.

“तुमचं वाद्य चढलेलं दिसतंय,” मास्तर म्हणाले.

“चढलेलं म्हणता? अहो, नळी निघते तेवढी काढली. आता ओढली तर हातात येईल, मग मी फुंकू काय, चूल?”

गायनसंघातल्या मुली खुदकन हसल्या. पाहुण्याने खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटून बाकाला टेकवला. लाकूड गुणगुणले. मास्तरांनी ऑर्गनवर तोच स्वर धरला. दोन सूर एकमेकांना खाऊ लागले. कोणी हसले नाही. जुन्या गाणाऱ्यांना धाकट्याचे शब्द आठवले असावेत. त्यांच्या माना खाली गेल्या. मास्तरांनी पट्टीवरून हात उचलले आणि घर गाठले.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. ती या घराण्यातली एकमेव बेसूर. लग्नानंतर पहिल्याच रविवारी मास्तरांनी तिला हळूच सांगितले होते, की तू मनातल्या मनात गात जा. तेव्हापासून ती मनातच गात होती.

“ऑर्गन उतरलाय,” मास्तर खुर्चीत बसत म्हणाले.

“बरं.”

“बरं काय? धाकटा खरं बोलत होता.”

“मला सुरातलं काय कळतं?” ती शेंगांचे दोर काढत म्हणाली. “पण एक विचारू? भाकर कधी घेतलीत शेवटची?”

मास्तर चपापले. “तुला कसं कळलं?”

“सगळे डोळे मिटून तुमचं वाजवणं ऐकतात. मला त्यात काही कळत नाही, म्हणून मी तुमच्याकडे बघत बसते.”

मग मास्तर म्हणाले, “मला वाटतं, देव मला शिक्षा करतोय. प्रार्थना कोरडी झालीय माझी. उद्या सगळ्या गावासमोर नाचक्की.”

“शिक्षा कसली?” तिने शेंगा बाजूला सारल्या. “अहो, हाक मारणाऱ्याकडे आपण पाठ करून चालत सुटलो, तर त्याचा आवाज लहान होतो. तो ओरडायचा थांबला म्हणून नाही, आपण लांब गेलो म्हणून. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, हे लोकांपुरतं ठीक आहे. तुम्ही देवालाही तेच लावलंत.”

“मी काय कमी केलं त्याच्यासाठी? उपास केले, मुलं शिकवली...”

“केलंत की! त्याने जे मागितलं नव्हतं, ते सगळं केलंत. घरात पाहुण्याने पाणी मागावं आणि आपण त्याला दागिने दाखवत बसावं, तसं झालं.” तिचा आवाज खाली आला. “जाऊबाईंची खुशाली येते मला. ती पोर आता भिंत धरून चालते. बाप्तिस्मा अजून झालेला नाही. तिथले पाळक रागावतात, माहेरचे टोमणे मारतात. भावोजी एवढंच म्हणतात, दादा लिहील. तुमच्या हट्टापायी ते लेकरू देवाच्या दारात उभं आहे, आणि तुम्हीही बाहेरच.”

मास्तरांनी तोंड ओंजळीत घेतले. किती वर्षे ते एका उतरलेल्या नळीशी सगळे जुळवत आले होते! सूर जुळला म्हणून आपण बरोबर, असे त्यांना वाटले होते. मनाचेही तेच झाले होते. स्वतःच्या मानाला मूळ सूर धरले, त्याच्याशी प्रार्थना जुळवली, उपास जुळवले, गीतेही जुळवली. सगळे आपापसांत छान जुळले, आणि देवापासून तेवढेच खाली गेले. “प्रभू, मी ऐकलं होतं,” ते पुटपुटले. “ऐकू आलं नाही असं नाही. मी ऐकलं होतं आणि केलं नाही.” ही प्रार्थना मुळीच सुबक नव्हती. शब्द मध्येच अडकत होते. पण आज पलीकडे कोणीतरी आहे, असे त्यांना फार दिवसांनी वाटले.

दुसऱ्या दिवशी चर्च खच्चून भरले होते. मास्तर ऑर्गनवर बसले नाहीत. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन ते समोर येऊन उभे राहिले. मान ताठ होती.

“ऑर्गन उतरलेला आहे,” ते म्हणाले. “माझ्या भावाने हे इथेच सांगितलं होतं. मी त्याला इथेच, तुमच्यासमोर हाकलून दिलं, म्हणून हेही तुमच्यासमोरच सांगतो. कान त्याचा खरा होता आणि चूक माझी होती. आमच्या बाबांचा सूर ज्याने खरा जपला तो धाकटा, आणि तो माझा भाऊ आहे हे सांगायला मला आज अभिमान वाटतो. आज आपण ऑर्गनशिवाय गाऊ. चढेल थोडं. घाबरू नका, तुम्ही कोणत्या ताकदीचे गाणारे आहात ते मला ठाऊक आहे.”

ट्रम्पेटने स्वर दिला आणि गायनसंघाने तो उचलला. बायकांच्या बाजूला वरच्या जागी जरा दम लागला, एकदोन आवाज चिरकले, पण कोणी मागे हटले नाही. छत भरून टाकणारे ते गाणे, आपले आणि खरे! जुनी माणसे उठून उभी राहिली. पाळकसाहेबांनी आज डोळे मिटले नव्हते. ते एकेक चेहरा बघत होते, आपलीच लेकरे बक्षीस घेताना बघावीत तसे. आणि मास्तरांची बायको मोठ्याने गात होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, आणखी मोठ्याने म्हण, अशी.

प्रभुभोजन आले तेव्हा मास्तर रांगेतून बाहेर पडून मागे बाकावर बसून राहिले. पाळकसाहेबांनी खुणेने विचारले. मास्तरांनी लिहिण्याची खूण केली: आधी ते.

वाचकहो, देवाची आज्ञा मोडली की आकाशातून वीज पडतेच असे नाही. बहुतेकदा काहीच पडत नाही. आपण देवळात जात राहतो, गात राहतो, दान देत राहतो, आणि आतला कान मात्र बंद होत जातो. याहून मोठी शिक्षा नाही, आणि ती आपण स्वतःच स्वतःला देतो. त्याने सांगितलेली एक लहानशी गोष्ट टाळून दुसऱ्या शंभर मोठ्या गोष्टी केल्या, तरी त्याला आज्ञापालन म्हणत नाहीत. आपणही कोणाला काही लिहायचे ठेवले आहे का, हे ज्याने त्याने आपल्याशी पाहावे. उपदेश करणे सोपे असते, हे मला कळते.

घरी आल्यावर मास्तरांनी जेवणाआधीच लिहायला घेतले. तीन कागद फाडले. चौथ्यावर एवढेच राहिले: ‘ऑर्गन उतरला होता. तू बरोबर होतास. मी तुला घालवून दिलं, त्याची क्षमा कर. बाप्तिस्म्याचा दिवस ठरव, आम्ही दोघं येतो. परत येताना तुला आणि तुझी हत्यारं घेऊन येईन. सूर तू लावायचास. माझ्या पुतणीला सांग, काका उशिरा येतोय, पण येतोय.’

नवराबायको कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेले. मास्तरांनी पाकीट फटीत अर्धे सरकवले आणि तसेच धरून उभे राहिले.

“सोडा आता,” बायको म्हणाली.

मास्तरांनी बोटे उघडली.