दाजींचं डिव्हिएशन

खोकी बनवायच्या कारखान्यात सगळेच त्यांना दाजी म्हणायचे, कारण सुपरवायझर त्यांचा मेहुणा होता. त्यानेच त्यांना तिथे चिकटवलं होतं. सहा महिने नीट काढले की नोकरी कायम.

दाजी कापायच्या मशीनवर. पुठ्ठा आत सरकवायचा, जाळी बंद करायची, मगच पातं खाली येणार. नियम भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत रंगवलेला. बाकीच्यांनी जाळीच्या बटणावर चिकटपट्टी मारून ठेवलेली. मशीनला बिचाऱ्याला वाटायचं, जाळी बंदच आहे. त्यांचे ढीग छातीला लागायचे, दाजींचा गुडघ्याला.

एक दिवस मेहुणा म्हणाला, "दाजी, वर तुमच्या नावाने बोंब आहे. डिव्हिएशन."

"म्हणजे काय रे?"

"ठरलेलं सोडून वागणं."

"अरे, मी भिंतीवरचं अक्षर न् अक्षर पाळतो!"

"तेच तर! भिंतीवरचं भिंतीसाठी. ठरलेलं म्हणजे सगळे करतात ते. अख्खा कारखाना एकीकडे, तुम्ही एकटे दुसरीकडे. मग सोडून कोण वागतंय? ताईचा तरी विचार करा. कायम व्हायचंय ना?"

दाजींनी पट्टी मारली. ढीग कमरेला आला, मग छातीला. "दाजी माणसात आले!" म्हणून टाळ्या पडल्या.

आणि एका दुपारी पात्याने उजव्या हाताची चार बोटं नेली. इतक्या सफाईने, की खालचा पुठ्ठा अगदी मापात कापला गेला. पुसून मालातही गेला.

चौकशीचा साहेब यायच्या आत मेहुण्याने सगळ्या मशीनवरच्या पट्ट्या खरवडून काढल्या. दाजींची तेवढी ठेवली.

साहेब दवाखान्यात आला. "बाकी सगळे नियमात. डिव्हिएशन फक्त तुमचं. पट्टी मारायला कुणी सांगितलं होतं?"

मेहुणा खाटेच्या पायथ्याशी उभा, घामाने डबडबलेला. दाजींनी बायकोकडे पाहिलं. ती ना भावाकडे बघत होती, ना नवऱ्याकडे. फरशीकडे बघत होती.

"कुणी नाही," दाजी म्हणाले. "माझीच अक्कल."

"मग नोकरीचं विसरा. भरपाईचंही," म्हणून साहेब निघून गेला.

मेहुण्याचा जीव भांड्यात पडला. "दाजी, देवमाणूस आहात हो!" म्हणत त्याने हात पुढे केला. दाजींनीही सवयीने केला.

बायको उठून बाहेर गेली. मेहुणा ते बँडेजचं बोचकं कुठून धरावं, याचा अंदाज घेत उभा राहिला.