कापून नेलेली गाठ

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. "पोळ्याच्या दिवशी बैल उधळला, सोजरबाई नावाची बाई कासऱ्यात गुंतली आणि फरपटत जाऊन मेली," असं तुम्ही पंचनाम्यात लिहिलं. खाली पाच जणांचे अंगठे घेतले, पाटलाच्या घरी पुरणपोळी खाल्ली आणि घोड्यावर बसून निघून गेलात. माणसं सुटली. दोष लागला कासऱ्याला.

तो कासरा मी.

मित्रांनो, मी एक जुना, अर्धा कापलेला कासरा आहे. माझा जन्म अंबाडीचा. मेडशीपासून दोन कोसांवर एक गाव आहे, तिथल्या तुरीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मी उभा होतो. सोजरबाईनं मला कापलं, नाल्याच्या डोहात कुजवलं, सोललं, वाळवलं. मग माझा वाख मांडीवर घेऊन उजव्या तळव्यानं पीळ दिला. तीन पेड एकमेकांत असे बसवले की पाणीसुद्धा आत शिरायला दोनदा विचार करील. दहा वर्षांची तुळसा फिरकी फिरवायची आणि आई ओरडायची, "हळू वं माय, दोर हाय तो, भोवरा नाही."

नवरा पटकीनं गेल्यावर हा धंदा सोजरबाईनं एकटीनं उभा केला. रीत अशी होती की दोर वळणाऱ्या घरानं साऱ्या गावाला वर्षभर दोर द्यायचे आणि खळ्यावर पाटील जे सूपभर झाडून टाकील ते पदरात घ्यायचं. सोजरबाईनं गावाचे दोर कधी चुकवले नाहीत. पण उरलेले ती डोक्यावर घेऊन मेडशीच्या बाजारात बसू लागली. तिच्या दोराला गिऱ्हाईक धावत यायचं. एकदा एका टवाळानं विचारलं, "मावशे, या दोरानं बायको बांधली तर राहीन का घरी?"

"बायकोले कायले बांधतं? तुलेच बांधून ठेव म्हना खुट्याले. जुगार तरी सुटन तुहा!"

सारा बाजार हसला. ते हसू गावातल्या उकंडराव पाटलाच्या कानावर गेलं आणि त्याला ते बोचलं.

आषाढात एका सकाळी तो आला. मागे त्याचा गडी खेमा. मी नवा कोरा, निंबाच्या फांदीवर लटकत होतो.

"काहून वं सोजरे? गावाचे दोर बाजारात नेऊन राह्यली?"

"गावाचे गावाले देले, पाटील. उरले ते नेले. माह्या हातचे हायेत."

"हात? कोनाच्या गावात हाय तुहा हात?"

"हात माह्या अंगाले हाय, पाटील. गावाले नाही."

मित्रांनो, हे बोलणं खरं होतं. म्हणूनच त्यानं फांदीवरून मला ओढलं, दुहेरी केलं आणि तिच्या पाठीवर हाणलं. जिनं मला मांडीवर घेऊन घडवलं, तिचंच कातडं मी सोललं. मी तुटायला पाहिजे होतं. तुटलो नाही. तिनं मला मजबूत वळलं होतं.

मग पाटील म्हणाला, "खेमा, धर तिचा तो हात." खेमानं तिचा उजवा हात जात्यावर दाबला आणि पाटलानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं मनगट फोडलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तुळसा किंचाळत आईच्या अंगावर पडली. जाताना पाटलानं मला बोटांनी चाचपलं. "दोर मात्र झकास हाय," म्हणाला, आणि मला घेऊन गेला. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी शाबासकी ही. थुंकतो मी तिच्यावर.

त्याच्या पवळ्या बैलाच्या वेसणीला मला बांधलं. बैल गरीब होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता नीट ऐका. पोळ्याला वेशीवर तोरण लागतं, त्याखालून बैल गेले की पोळा फुटला म्हणायचं. आमच्या गावात त्या तोरणाचा दोर वळायचा मान दोरवाल्या घराचा. घरातल्या कर्त्या बाईनं तो उपाशीपोटी मांडीवर वळायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. आणि पीळ उजवाच पाहिजे. डाव्या पिळाचा दोर आमच्याकडे फक्त तिरडीला.

सोजरबाई पाटलाच्या दारात आली. मी गोठ्यातून सारं ऐकत होतो. मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं.

"पाटील, औंदा तोरनाचा दोर दुसऱ्या गावून आना. माह्यानं उजव्यानं पीळ देनं होत नाही."

"मान तुहा, तं दोरबी तुहाच. नाही आला तं तुही झोपडी पेटवून त्याच्या उजेडात पोळा फोडीन."

"मंग पिळाचं मी सांगून ठेवलं हाय बरं."

"चाल, नीघ!"

पोळ्याच्या सकाळी तिनं वाखाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि डाव्या मांडीवर डाव्या तळव्यानं दोर वळला. तुळसा म्हणाली, "माय, पीळ डावा पडून राह्यला."

"पडू दे. एकच हात हाय."

हे मला पुढं तुळसाच्याच तोंडून कळलं.

दुपारी बैल सजले, डफडं वाजलं. मानाचा पवळ्या पुढं, त्याच्या वेसणीला मी. वेशीखाली मी वर पाहिलं आणि माझा पेड न् पेड ताठला. दोराला दोराचा पीळ लगेच कळतो. मग आंब्याचं पान सरळ करायला खेमानं हात वर केला आणि तो थबकला.

"पाटील... डावा पीळ हाय ना हा!"

"गावाची तिरडी बांधली हिनं!" कोणीतरी ओरडलं. सोजरबाई वेशीच्या कडेला उभी होती; माणसं तिच्यावर धावली. कोणी झिंज्या धरल्या, कोणी पोटात लाथ घातली. ती पडली, पुन्हा उठली. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाली, "डाव्या हातानं वळला तं पीळ डावाच पडन. उजवा कोनं मोडला ते पयले सांगा. मंग मारा."

साऱ्या गावाला उत्तर माहीत होतं.

पाटलानं मला वेसणीतून सोडलं. माझं एक टोक पवळ्याच्या गळ्यात अडकवलं, दुसरं सोजरबाईच्या पायाला. दोन वेढे आणि वर गाठ. पवळ्या जागचा हलेना. मग पाटलानं त्याच्या पुठ्ठ्यात तुतारीची, बैल हाकायच्या काठीची, आर खुपसली. तो नाल्याच्या गोट्यांवरून, बोरीच्या काट्यांतून धावत सुटला. मी मध्ये ताणलेला होतो. तिचं डोकं किती दगडांवर आपटलं ते एकट्या मला ठाऊक आहे. अर्ध्या वाटेत तिचं ओरडणं थांबलं. बैल थांबला नाही.

साहेब, तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. वाकून पाहिलंत. गुंतलेल्या दोराला गाठ नसते, हे शेण गोळा करणाऱ्या पोरीलाही कळतं. तुम्हालाही कळलं. म्हणून तर तुम्ही चाकू काढलात, गाठीसकट मला कापलं आणि तो तुकडा कोटाच्या खिशात घातलात. उरलेला मी नाल्यात पडलो. तुळसानं मला उचललं.

त्याला आता सोळा वर्षं झाली. तुळसा मेडशीच्या बाजारात आईच्याच जागेवर बसते, आईसारखेच दोर वळते. मला ती खुंटीला टांगून ठेवते, विकत नाही. परवा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हा काहून अर्धा वं, बाई?"

"बाकीचा सायबापाशी हाय, बाबा."

मित्रांनो, दोर उन्हापावसात टाकू नका, कुजतो. पण त्याआधी, दोर घेताना वळणाऱ्या बाईच्या हाताकडे एकदा पाहत जा. हात मोडलेला दिसला तर कोणी मोडला ते विचारा. माझ्या गावानं विचारलं नाही.

आणि साहेब, तुम्ही आता मोठ्या हुद्द्यावर आहात, असं बाजारात ऐकतो. ती गाठ अजून आहे का तुमच्यापाशी? बाईनं वेशीत उभं राहून एकच गोष्ट विचारली होती. ती तुमच्या कागदावर नाही. तिचा उजवा हात कोणी मोडला? मी खुंटीवरच आहे. उत्तर द्या.