सवतीचा ससा

गोजरबाई मरून वर्ष झालं, तरी साखरा गावातल्या त्या घरात अजून तिचंच राज्य होतं. सासू पारुबाई कालवणात तिखट तिच्या मापानं घालायची. गोजरबाईनं वसमतच्या बाजारातून आणलेला पांढरा ससा तिच्या लेकीशिवाय कुणाला जवळ फिरकू देत नव्हता. द्वारका त्या घरात दुसरेपणावर आली, तेव्हा रामकिशननं तिच्या गळ्यात आधी मेलेल्या सवतीची मूर्त कोरलेला चांदीचा टाक बांधला, मग काळी पोत. नवं लुगडं आलं की ते आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. द्वारकानं सगळं मुकाट्यानं केलं. नवऱ्याचं तिला फारसं अप्रूप नव्हतंच. तिला ओढ होती ती त्या घरातल्या लेकराची.

पण पाच वर्षांची रूपी तिच्या हातचा घास घेत नव्हती. एकदा सशाला कुरवाळत पोरीनं अटच घातली, "ह्यो तुला चावायचा थांबला, की मी तुला माय म्हणीन."

ससा म्हणजे काय वाघ लागून गेला? द्वारकाला हसू आलं. तिनं हात पुढं केला आणि करंगळी रक्तानं भरली.

माहेरी तिनं मारके गोऱ्हे माणसाळवले होते. जुन्या धन्याच्या घोंगडीचा वास दिला की जनावर नवा हात सोसतं, हे तिला पक्कं ठाऊक. तिनं पेटीतून गोजरबाईचं जुनं लुगडं काढलं. पारुबाई म्हणाली, आधी टाकाला विचार. द्वारकानं ते उडवून लावलं. नव्या लुगड्यासाठी विचारतात, तिच्याच जुन्यासाठी कशाला? तिथंच तिचं चुकलं.

हाताला लुगड्याचे चार वेढे घालून ती रोज सकाळी सशापुढं हिरवा घास धरायची. ससा गुमान खायचा. दर आठवड्याला ती एक वेढा कमी करी. दुसरा वेढा सुटला तेव्हा ती दळताना एक ओवी म्हणू लागली. पारुबाईनं दचकून विचारलं, ही तर गोजरबाईची ओवी, तू कुठं शिकलीस? आईकडून, असं द्वारका बोलून गेली, आणि मग तिला आठवलं, आपल्या जन्मावेळीच आई गेली होती. तिसरा वेढा सुटला तेव्हा माहेरच्या बांगड्या तिच्या हातात चढेनात. ती भ्याली, चांगलीच भ्याली. पण रूपी रोज वीतभर जवळ सरकून बसत होती, आणि तो लोभ भीतीला पुरून उरला.

शेवटच्या सकाळी तिनं उघडा हात पुढं केला. सशानं हुंगलं, हनुवटी घासली आणि तळवा चाटला.

रूपी धावत आली, मांडीवर चढली आणि गळ्यात तोंड खुपसून म्हणाली, "माय, किती दिस लावलेस गं."

द्वारकाचे डोळे भरून आले. मग पोरीनं हळूच कानात विचारलं, "ती द्वारका कुठं गेली?"

"मीच ती," एवढंच तर म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर लेकरू मांडीवरून उतरलं असतं. द्वारकानं तिला घट्ट धरलं.

"गेली," ती म्हणाली.

चुलीपासून पारुबाईनं हाक मारली, "द्वारके." थोड्या वेळानं पुन्हा मारली. रूपीला थोपटत ती बसून राहिली, आणि कुणीच ओ काहून देत नाही, याचं तिला नवल वाटलं.